मत देणे आणि मत मोजणे

२०१७ साली पुणे, नागपूर, ठाणे आदी शहरांतील मतदार महापालिकेच्या निवडणुकीसाठी मतदान केंद्रावर गेला तेव्हा बहुतेक ठिकाणी त्याला एक नव्हे, तर चार मते द्यायची होती. प्रभाग चार सदस्यांचा. त्यात अ, ब, क, ड अशा चार जागा. आणि प्रत्येक जागेसाठी एक मत. मतदाराचा अधिकार चौपट झाला, असा यावरून कोणाचाही समज व्हावा. थोडे अंकगणित केले की तो टिकत नाही. एखाद्या प्रभागात ४०,००० लोकांनी मतदान केले असे समजू. त्यांतील १६,००० एका पक्षाचे, १४,००० दुसऱ्याचे व १०,००० तिसऱ्याचे समर्थक आहेत आणि प्रत्येक जण चारही जागांवर आपल्याच पक्षाला मत देतो. अ जागेवर १६,००० वाला पक्ष निवडून येतो, ब जागेवर तोच, क आणि ड जागांवरही तोच. उरलेले २४,००० मतदार, म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक, चार वेळा बटण दाबून रिकाम्या हाताने घरी परततात. प्रभाग एकेका सदस्याचे असतील तर एका वस्तीत हरलेला गट निदान शेजारच्या वस्तीत जिंकण्याची आशा बाळगू शकतो. चार प्रभाग एकत्र शिवल्याने ती आशाही मावळते.

प्रभागात सदस्य किती असावेत, यावर महाराष्ट्रात पुष्कळ खल झाला आहे. मुंबईबाहेरील महापालिकांत २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ मध्ये एकेकाचे, २०१२ मध्ये दोघांचे, २०१७ मध्ये चौघांचे. सरकार बदलले की आकडा बदलतो आणि तो कोणाच्या सोयीचा यावर विधिमंडळात खडाजंगी होते. या साऱ्या वादात एक प्रश्न मात्र कोणी गांभीर्याने विचारला नाही : चार प्रतिनिधी एकत्र निवडायचे असतील तर मते मोजण्याची रीत एका प्रतिनिधीच्या निवडणुकीचीच का असावी?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही, हे विशेष. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यातील बहुसदस्य मतदारसंघांत संचयी मतदानाची रीत होती. जितक्या जागा तितकी मते, आणि ती सारी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मतदाराला मुभा. विखुरलेल्या, पण एकदिलाने मत देणाऱ्या अल्पसंख्य गटाला या रीतीने एक जागा हमखास मिळविता येई. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्या निवडणुकीत मिळविलेल्या यशाला ही पार्श्वभूमी होती. पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत द्विसदस्य मतदारसंघ राहिले, पण दोन्ही मते एकालाच देण्याची मुभा गेली. १९५२ मध्ये अशाच एका द्विसदस्य मतदारसंघात, मुंबई शहराच्या उत्तर भागात, आंबेडकरांचा पराभव झाला. १९५५ साली भाषिक राज्यांविषयी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी एकसदस्य मतदारसंघांऐवजी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ व संचयी मतदान यांचा स्पष्ट पुरस्कार केला आहे.

मात्र याच आंबेडकरांनी जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला विरोध केला होता, हेही सांगितले पाहिजे. मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्य मतदारसंघ व संचयी मतदान यांची दुरुस्ती मांडली होती. आंबेडकरांचे आक्षेप मुख्यतः दोन. प्रमाणशीर प्रतिनिधित्वासाठी मतदार निदान आकडे ओळखण्याइतका साक्षर हवा, आणि तसा तो या देशात नाही. शिवाय अशा पद्धतीने विधिमंडळात गटांची बजबजपुरी माजून सरकार अस्थिर होईल. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण जेमतेम १८ टक्के भरले, हे ध्यानात घेता पहिल्या आक्षेपाचे वजन नाकारता येत नाही. तो आज कितपत उरला आहे, हे पाहण्यासाठी निवडणूक कचेरीतून उठून संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत डोकवावे लागते. गेली तीस-पस्तीस वर्षे या शास्त्राच्या एका शाखेने मतमोजणीचा ध्यास घेतला आहे, आणि आपल्याकडे त्याची वार्ता फारशी पोचलेली नाही.

मतदानाचे गणित अर्थातच त्याहून जुने आहे. १७८५ साली फ्रेंच गणिती काँदोर्से याने दाखवून दिले की, तीन उमेदवारांत बहुमताला पहिला दुसऱ्याहून, दुसरा तिसऱ्याहून आणि तरीही तिसरा पहिल्याहून अधिक पसंत असू शकतो. व्यक्ती विवेकी असल्या तरी समूहाचा निर्णय भोवऱ्यासारखा गरगरू शकतो, असा याचा अर्थ. १९५१ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी हा विचार टोकाला नेला. उमेदवार तीन किंवा अधिक असतील, तर मतदारांच्या पसंतीक्रमांवरून समाजाचा क्रम लावणारी आणि काही साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळणारी कोणतीही रीत असू शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. या सिद्धान्ताचा अर्थ ‘सगळ्याच रीती सारख्याच वाईट’ असा लावण्याची खोड काही विद्वानांना आहे. तो अर्थ चुकीचा आहे. कोणतेच औषध सर्व रोगांवर चालत नाही म्हणून औषधाऔषधांत भेद नाही, असे कोणी म्हणत नाही.

संगणकशास्त्रज्ञांनी या वादात एक वेगळाच प्रश्न आणला : रीत रास्त असेल, पण तिचा निकाल काढता येईल का? ‘ॲलिस’च्या गोष्टींचा लेखक म्हणून ल्यूईस कॅरल या टोपणनावाने जगाला ठाऊक असलेले ऑक्सफर्डचे गणिती चार्ल्स डॉजसन यांनी १८७६ मध्ये एक मतदानपद्धती सुचविली होती. १९८९ साली बार्थोल्डी, टोव्ही आणि ट्रिक या तीन संशोधकांनी दाखविले की, उमेदवार वाढत गेले तर या पद्धतीने विजेता ठरविण्याचे गणित इतके अवाढव्य होते की, ते झटपट उरकणारी युक्ती सापडण्याची आशा जवळजवळ नाही. मतमोजणी संपण्यापूर्वी सभागृहाची मुदत संपावी, असा हा प्रकार. त्याच त्रयीने असाही विचार मांडला की, लबाडीने मत देऊन निकाल फिरविण्याचे गणितच अवघड असेल, तर ती अवघडता पद्धतीची राखणदार ठरेल. पुढील संशोधनाने या आशेला बरीच मुरड घातली. सर्वांत वाईट प्रसंगी अवघड असलेले गणित नेहमीच्या प्रसंगी सोपे निघते. तरीही रास्तपणा आणि गणनसुलभता यांचा एकत्र विचार करण्याची सवय तेव्हापासून लागली.

आपल्या चार जागांच्या प्रभागाला या संशोधनाचा जो भाग थेट लागू पडतो, तो एका डॅनिश खगोलशास्त्रज्ञापासून सुरू होतो. थॉरवाल्ड थीले याने १८९५ साली सुचविलेल्या रीतीत मतदाराला आकडे लिहावे लागत नाहीत. पसंत असतील तितक्या उमेदवारांपुढे त्याने खूण करावी, एवढेच. हिशेब मोजणाऱ्याने करायचा. मतदाराच्या पसंतीचा एक उमेदवार निवडून आला तर त्याचे समाधान १, दुसराही आला तर त्यात अर्ध्याची भर, तिसऱ्याला तृतीयांश, चौथ्याला चतुर्थांश. साऱ्या मतदारांच्या समाधानाची बेरीज ज्या चौघांमुळे सर्वांत मोठी होईल, ते चौघे विजयी. वरच्या प्रभागात हे करून पाहावे. चारही जागा पहिल्या पक्षाला दिल्या तर बेरीज सुमारे ३३,३३३ भरते. पहिल्याला दोन व इतर दोघांना एकेक दिली तर ४८,०००. याहून मोठी बेरीज दुसऱ्या कोणत्याही वाटपाने येत नाही. १६,००० ना दोन, १४,००० ना एक, १०,००० ना एक. शाळकरी मुलालाही हे वाटप रास्त वाटेल.

संचयी मतदानाची जी खोच होती, ती या रीतीत नाही. संचयी मतदानात आपले बळ किती, हे गटाला आधीच अचूक ओळखावे लागते. आपल्या उदाहरणातील पहिल्या पक्षाने चारही जागांचा लोभ धरून मते चौघांत वाटली, दुसऱ्याने ती दोघांत वाटली व तिसऱ्याने सारी एकावर ठेवली, तर सर्वांत मोठ्या पक्षाच्या पदरी एकच जागा पडेल आणि दुसऱ्याला दोन मिळतील. निकाल लोकमताचा न राहता हिशेबनिसाच्या चातुर्याचा होतो. थीलेच्या रीतीत हा जुगार मतदाराला खेळावा लागत नाही. स्वीडनने १९०९ पासून काही वर्षे पक्षांतर्गत जागावाटपासाठी ती वापरली. नंतर ती मागे पडली आणि विस्मृतीत गेली.

तिला पुन्हा उजेडात आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी संगणकशास्त्रज्ञांचे आहे. २०१५ मध्ये हारिस अझीझ, एडिथ एल्किंड, टोबी वॉल्श आदी सहा संशोधकांनी न्याय्य प्रतिनिधित्वाची एक नेमकी कसोटी मांडली. जागा चार असतील आणि एकूण मतदारांच्या किमान एकचतुर्थांश लोकांना एखादा उमेदवार सामाईकपणे पसंत असेल, तर त्या गटातील सगळेच्या सगळे प्रतिनिधीविना राहता कामा नयेत. निदान एकाला तरी पसंतीचा कोणीतरी निवडून आलेला दिसला पाहिजे. हीच कसोटी मोठ्या, अधिक एकजुटीच्या गटांसाठी त्यांनी वाढवून घेतली. पक्ष, जात, धर्म, पत्ता यांचा तीत उल्लेखही नाही. गट कोणता, हे कायद्याने ठरवायचे नाही. मतपत्रिकांतून तो आपोआप दिसतो. सायकलस्वारांचा गट असेल, गिरणीतून बेकार झालेल्यांचा असेल किंवा पाण्यासाठी हंडे घेऊन उभ्या राहणाऱ्या स्त्रियांचा असेल. थीलेची रीत ही कसोटी तिच्या कडक स्वरूपातही उतरते, आणि आपली प्रभागपद्धती तिच्या सौम्य स्वरूपातच नापास होते.

अडचण मोजणीची. १०० उमेदवारांतून १० जण निवडायचे तर १७ लाख कोटींहून अधिक संभाव्य मंडळे पडताळावी लागतात, आणि यातून सुटण्याची नेहमी चालणारी झटपट युक्ती उपलब्ध नाही. पण प्रभागाचा पसारा एवढा नसतो. २० उमेदवारांतून चौघे निवडण्याचे प्रकार ४,८४५. कारकुनाला हे महिनोन् महिने पुरेल; साध्या संगणकाला चहाचा घोट घेण्याइतकाही वेळ लागत नाही. मतदाराच्या डोक्यावरचे ओझे उतरून ते मोजणाऱ्याच्या यंत्रावर आले आहे. १९४९ चा साक्षरतेचा आक्षेप येथे संपतो, आणि त्याच्या जागी दुसरा, तितकाच गंभीर प्रश्न उभा राहतो : मतदाराला जे मोजता येत नाही, त्यावर त्याने विश्वास कसा ठेवायचा?

हा संशय अनाठायी नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात २०१२ च्या स्थानिक निवडणुकांत पसंतीक्रमाची मते संगणकाने मोजली गेली. काही वर्षांनी स्वतंत्र संशोधकांनी प्रसिद्ध झालेल्या मतांवरून ती मोजणी पुन्हा केली, तेव्हा सरकारी आज्ञावलीत चूक आढळली. ग्रिफिथ या गावच्या नगरपरिषदेत त्या चुकीमुळे एका उमेदवाराची निवडून येण्याची शक्यता फार मोठ्या प्रमाणात घटली होती. आयोगाने आज्ञावली दुरुस्त केली. निवडणुकीचा निकाल तसाच राहिला. चूक सापडली ती मते प्रसिद्ध झाली होती म्हणून. ती पेटीत बंद असती, तर यंत्राचा शब्द हाच अखेरचा शब्द ठरला असता.

याउलट झुरिक शहराचे उदाहरण पाहावे. लहान प्रभागांत छोट्या पक्षांची मते वाया जातात, ही तक्रार २००२ मध्ये स्विस संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली. त्यानंतर जर्मन गणिती फ्रीडरिख पुकेल्सहाइम यांनी तयार केलेली जागावाटपाची रीत २००६ मध्ये तेथे प्रथम वापरण्यात आली. प्रभागांच्या जागा आणि पक्षांची एकूण मते हे दोन्ही ताळेबंद एकाच वेळी जुळविणारे आकडे शोधण्यासाठी संगणक लागतो. पण एकदा ते भाजक सापडले आणि प्रसिद्ध झाले की, कोणीही नागरिक साधा गणकयंत्र घेऊन आपल्या प्रभागाचा भागाकार करू शकतो आणि उत्तर बरोबर आहे की नाही ते पाहू शकतो. कुलपाची किल्ली घडविणे कठीण. ती लागते की नाही, हे पाहणे सोपे. सार्वजनिक मोजणीची रीत निवडताना रास्तपणाइतकीच ही दुसरी कसोटीही लावली पाहिजे. अर्थात मते जशीच्या तशी प्रसिद्ध करण्यातही धोका आहे. उमेदवार वीस असतील तर खुणांच्या विशिष्ट नक्षीवरून विकत घेतलेले मत ओळखता येईल. गुप्तता राखून मोजणी पडताळता यावी, यासाठी गूढलेखनशास्त्रात काम चालू आहे. ते पुरते सिद्ध होईपर्यंत घाई करणे योग्य नव्हे.

अवघड मोजणी ही आपल्याकडे परकी गोष्ट आहे, असेही नाही. विधान परिषदेच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांत मतदार १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो आणि मोजणी रात्रभर चालते. पदवीधरांच्या या निवडणुकीत बाद मते अनेकदा हजारोंनी निघतात, तेव्हा आकडे लिहिणे हे निव्वळ साक्षरतेचे काम नाही, एवढे तरी उघड होते. राष्ट्रपतींची निवडणूकही याच रीतीने होते. राज्यघटना तिला ‘प्रमाणशीर प्रतिनिधित्व’ म्हणते, हा एक गमतीचा भाग. एकाच पदाचे प्रमाणशीर वाटप करायचे कसे, हे घटनाकारच जाणोत. १९६९ साली वराहगिरी गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मूल्याची मते मिळाली, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९. कोटा ४,१८,१६९ चा होता; तो पहिल्या फेरीत कोणीच गाठला नाही. देशमुखांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीने रेड्डींना पुष्कळ जवळ आणले, आणि अखेर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. २०२२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहाव्या जागेवर पहिल्या पसंतीची २७ मते मिळालेला उमेदवार ३३ मते मिळालेल्याला मागे टाकून निवडून आला, तोही या रीतीनेच. हा निकाल ज्यांना चमत्कारिक वाटला, त्यांना तो मोजणीच्या पत्रकावरून पायरीपायरीने समजून घेता येत होता.

आंबेडकरांचा दुसरा आक्षेप, अस्थिरतेचा, अधिक टिकाऊ आहे. लोकसभेत कोणालाच बहुमत नाही, ही अवस्था देशाने सोसली आहे आणि ती पुन्हा ओढवून घेण्याची हौस फारशी कोणाला नसेल. मात्र ब्रिटनमध्ये २०२४ साली सुमारे ३४ टक्के मतांवर मजूर पक्षाने ६५० पैकी ४११ जागा मिळविल्या, तर १४ टक्क्यांवर मते मिळविणाऱ्या रिफॉर्म पक्षाच्या वाट्याला ५ जागा आल्या. स्थैर्याची ही किंमत किती द्यायची, याचा वाद तेथेही मिटलेला नाही. महापालिकेत तर या आक्षेपाला जागाच नाही. तेथील कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे असते. नगरसेवकांच्या गटांत फूट पडली म्हणून पाणीपुरवठा कोसळत नाही. लोकसभेच्या स्थैर्याची सबब प्रभागाला लावणे म्हणजे घराच्या दाराला किल्ल्याचा अडसर घालणे होय.

खरी गुंतागुंत आरक्षणाची आहे. प्रभागातील अ, ब, क, ड या जागा स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व मागासवर्ग यांच्यासाठी स्वतंत्रपणे राखीव असतात, आणि म्हणूनच प्रत्येक जागेची निवडणूक वेगळी होते. चौघांना एकत्र निवडायचे तर ‘यांत किमान दोन स्त्रिया हव्यात’ अशी अट मोजणीतच घालावी लागेल. अशा अटींसह मंडळ निवडण्याच्या रीतींचा अभ्यास संशोधकांनी केला आहे. त्यात असेही दिसते की, अट आणि प्रमाण यांचा कधीकधी झगडा होतो व एकाला थोडे नमते घ्यावे लागते. नमते कोणी घ्यावे, हे ठरविणे संगणकाचे काम नव्हे. ते विधिमंडळाचे आहे, आणि ते उघडपणे, कायद्याच्या कलमात लिहून केले पाहिजे.

कायद्याला हात लावण्यापूर्वी एक लहान प्रयोग मात्र करण्याजोगा आहे. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवते. सूचना नागरिकांच्या, निवड प्रभाग समित्यांची व प्रशासनाची. तेथे मतदान घेतले आणि सर्वाधिक मतांची कामे क्रमाने मंजूर करीत गेले, तर प्रभागाचीच कथा पुन्हा घडेल. १०,००० मतदार, एक कोटीची रक्कम, प्रत्येक काम दहा लाखांचे, आणि ६,००० व ४,००० लोकांच्या दोन वस्त्या : दहाही कामे मोठ्या वस्तीत जातील. पोलंडमधील विएलिच्का आणि स्वित्झर्लंडमधील आराऊ या गावांनी २०२३ मध्ये निराळी रीत वापरली. डॉमिनिक पीटर्स व पिओत्र स्कोव्रॉन या दोघा संगणकशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ती मांडली होती. प्रत्येक मतदाराच्या नावे रकमेचा समान हिस्सा कागदोपत्री जमा करायचा. ज्या कामाचे समर्थक आपापल्या हिश्श्यांतून त्याचा खर्च मिळून भागवू शकतील ते काम मंजूर, आणि तेवढी रक्कम त्यांच्या खात्यातून वजा. वरच्या उदाहरणात दरडोई एक हजार रुपये जमा होतात. मोठ्या वस्तीची सहा कामे होतात, लहान वस्तीची चार. ही खतावणी बँकेतला कोणताही कारकून तपासू शकेल. पुण्याच्या एखाद्या प्रभागात एका वर्षासाठी ती उघडून पाहायला महापालिकेचा एक ठराव पुरेसा ठरावा.